बेल्जियमचा शेवटचा प्रवेश

सुलेखाने सांगलीच्या मुलींच्या शाळेत अकरा वर्षं इतिहास शिकवला आणि अकराही वर्षं ती एकाच गोष्टीवर धुमसत होती. नववीच्या पुस्तकात बेल्जियमच्या स्वातंत्र्याला दीड ओळ होती. पोरी तीही गाळायच्या, परीक्षेला येत नाही म्हणून. "अगं, माणसं मेली तिथे," ती म्हणायची, "आणि तुम्हाला दीड ओळ जड होते?"

पुढे तिच्या नवऱ्याला, निशिकांतला, सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली आणि बाईंचा मुक्काम तिथल्या टॅम्पिनीस भागातल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर हलला. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या तिच्या राहण्याच्या पासवर छापलं होतं, 'डिपेंडंट'. मराठी मंडळाने तर त्यावर कडी केली. सात वर्षं गणपतीत तिच्या वाट्याला एकच काम, प्रसाद वाटायचा. कोणी विचारलंच नाही की बाई, तुम्हाला आणखी काय येतं.

२००५ साली तिने पदर खोचला. बेल्जियमच्या लढ्याला पावणेदोनशे वर्षं होत होती, गणपतीत मुलांचं नाटक बसवायचंच. मंडळाचे सचिव चारुदत्त हबकले. "वहिनी, अफझलखानाचा वध करा ना. लोकांना कळतो."

"लोकांना तो पाठ आहे," सुलेखा म्हणाली. "मला पाठ नसलेलं करायचंय."

बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत दीड महिना तालमी चालल्या. चौदा मुलं, पुठ्ठ्याच्या टोप्या. मोठमोठ्या राजांनी बसून बेल्जियम हॉलंडला जोडून टाकला, तिने सांगितलं, आणि तिथल्या लोकांना एका शब्दाने विचारलं नाही. बेल्जियन माणसं संख्येने जास्त, पण वरच्या जागा हॉलंडवाल्यांना. कचेरीतली भाषाही त्यांचीच. लोकांनी पंधरा वर्षं सोसलं. मग एका ऑगस्टमध्ये ब्रसेल्सच्या नाट्यगृहात रंगमंचावर स्वातंत्र्याची गाणी चालली होती, आणि ऐकता ऐकता प्रेक्षक उठले आणि रस्त्यावर आले. सप्टेंबरात त्यांनी रस्त्यातले दगड उपसून आडोसे रचले, चार दिवस लढले, आणि राजाच्या फौजेला ब्रसेल्स सोडावं लागलं.

सुलेखाची अकरा वर्षांची अदिती मराठी बोलायची ती फक्त ओरडा बसल्यावर. तिने विचारलं, "जस्ट वॉक आउट, लाइक दॅट ओन्ली, आह?"

"सुरुवात तेवढीच. आधी उठले."

अदितीने जरा विचार केला आणि नाटकातलं शेवटचं वाक्य स्वतःसाठी मागून घेतलं. मराठीतलं. त्या दिवसापासून हे नाटक सुलेखासाठी नुसतं नाटक राहिलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कम्युनिटी सेंटरचा हॉल खचाखच भरला. सिंगापुरात जागा धरायची तर टिश्यूचं पाकीट ठेवतात, आणि त्याला कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात हयात गेलेल्या आपल्या लोकांना ही रीत शिकवावी लागली नाही. जेवण त्याच हॉलमध्ये असल्यामुळे जो तो पाकीट बाळगून होता.

तिसरा प्रवेश संपत आला तेव्हा चारुदत्त पडद्याआड आले. "वहिनी, देणगीदार साहेबांना विमान गाठायचंय. भाषण आत्ताच घ्यावं लागेल. शेवटचा प्रवेश राहू दे."

"इथे थांबलो तर बेल्जियम हॉलंडच्याच ताब्यात राहील."

"कोणाला कळणार आहे?" म्हणत त्यांनी पडदा ओढलासुद्धा.

बाहेर साहेबांचं भाषण सुरू झालं. आत चौदा टोप्या सुलेखाकडे बघत राहिल्या. अदितीच्या ओठांवर तिचं वाक्य तसंच थांबलं होतं. सुलेखाच्या डोक्यात तिडीक गेली. निशिकांत धावत मागे आला, हलकेच म्हणाला, "जाऊ दे गं. पुढच्या वर्षी करू."

"तेही पंधरा वर्षं हेच म्हणत होते," ती म्हणाली, आणि मुलांकडे वळली. "टोप्या नीट करा. उठा."

ढोल वाजवत चौदा मुलं पडद्यातून बाहेर आली, साहेबांच्या समोरून पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने थेट दाराबाहेर, छपराखालच्या बास्केटबॉलच्या मैदानात गेली. सुलेखा सगळ्यांत मागे. निशिकांतही पडद्यामागून हॉलमध्ये आला. त्याने आपल्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि तो बाहेर चालू लागला. त्याच्यामागे एक रांग उठली, मग दुसरी. क्रांती करायची, पण जेवणाची जागा जाता कामा नये. साहेब बोलत राहिले तेव्हा समोर पाकिटंच पाकिटं होती आणि एकटे चारुदत्त.

बाहेर बेल्जियम लढला. पुठ्ठ्याचे दगड रचले गेले, फौज पळाली. मग अदिती पुढे आली. पहिला शब्द अडकला. सुलेखाने ओठ हलवून तो पुरवला नाही.

"आम्हाला कोणी विचारलं नव्हतं," अदिती खणखणीत मराठीत म्हणाली. "आता आम्ही सांगतो. हा देश आमचा आहे."

टाळ्या थांबेनात. सुलेखा रडली, आणि तिने डोळे पुसलेही नाहीत. एवढ्यात दारात चारुदत्त आले, कपाळाला आठ्या घालून. "वहिनी, भाषण झालं. आता प्रसाद कोण वाटणार?"

"तुम्ही," सुलेखा म्हणाली.