आबा, मी आणि आंब्याचा ओंडका

ओंडका चिरायला दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाने तरी थोडं उद्धट असावं लागतं. आमच्याकडे तशी सोय नव्हती. करवतीच्या एका मुठीला मी होतो आणि दुसऱ्या मुठीला माझे सासरे, आबा.

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे नकाशे काढायचो. (म्हणजे सरळ रेघा मारायचा पगार घ्यायचो, हे लक्षात असू द्या.) आमचं धाकटं बाळ तिथलंच. बायकोच्या माहेरचा पाळणा आबा साताऱ्याहून घेऊन येणार होते. मीच ऐटीत निरोप धाडला, "आणू नका, पाळणा मी स्वतः करतोय." आबा हात हलवत आले. रविवारी बारसं होतं आणि घरात पाळणा नव्हता.

घरमालकीण पार्वतीबाईंच्या वाडीत वाऱ्याने पडलेला आंबा होता. त्याचा ओंडका त्यांनी दिला. दोन मुठींची लांब करवत नवापूरच्या होड्या बांधणाऱ्यांकडून मागून आणली. खड्डा खणून ओंडका त्यावर आडवा टाकला. एकाने ओंडक्यावर उभं राहून करवत वर ओढायची, दुसऱ्याने खड्ड्यातून खाली ओढायची. भुसा सगळा खालच्याच्या डोक्यावर.

"जावईबापू, तुम्ही वर," म्हणत आबा खड्ड्यात उतरले.

"छे छे, तुमच्या डोक्यावर मी उभा राहू?" म्हणत मीही उतरलो.

"मग जावयाच्या डोळ्यात भुसा पाडू? गावात तोंड कसं दाखवू?"

आता दोघेही खड्ड्यात आणि वर कोणी नाही. पार्वतीबाई काठावर येऊन वाकून बघू लागल्या. "तुमाला लाकूड चिरायचा हाय का हीर खणायची हाय?"

खिडकीतून बायको ओरडली (बाळंतिणीला अंगणात यायची बंदी होती), "आबा वर, हे खाली. पुरे झालं!"

मग सूत गेरूत भिजवून, ताणून टिचकी मारली आणि चिरायची रेघ उमटवली. वरच्या अंगाची रेघ आबांनी मारली, ओंडका उलटून खालच्या अंगाची मी. दोन्ही बरोबर एकाखाली एक यायला हव्या होत्या. माझी बोटभर डावीकडे गेली. ते आम्हा दोघांनाही दिसलं, बोललं मात्र कोणीच नाही. मला वाटलं, वडीलधाऱ्या माणसाची रेघ कशी चुकेल? म्हणून मी करवत त्यांच्या रेघेकडे वळवू लागलो. आबांना वाटलं, जावई नकाशेवाला आहे. ते माझ्या रेघेकडे वळवू लागले. करवतीने कोणाचं ऐकायचं?

"बरोबर चाललंय ना, जावईबापू?"

"एकदम. तुमच्याकडे?"

"उत्तम."

फळी निघाली ती एका टोकाला पोळपाट आणि दुसऱ्या टोकाला पापड. दुसरीही तशीच. तिसरीही.

"अशीच पायजे होती काय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"आबांना विचारा," मी म्हणालो.

"जावईबापूंच्या मनात असेल तसं," आबा म्हणाले.

असल्या फळ्यांचा पाळणा कुठला व्हायला! मला फार वाईट वाटलं. पोराला माझ्या हातच्या पाळण्यात घालायचं, एवढीच हौस होती. शेवटी पार्वतीबाईंनी जुनं लुगडं आणून वाशाला झोळी बांधली. "आमची सगली पोरां झोलीतच मोठी झाली, पडला नाय कोन." बारसं झोळीत पार पडलं. पोरगं ढाराढूर झोपलं. झोळीची कल्पना कोणाची, असं कोणी विचारलं की आबा माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मी आबांकडे. पाहुणे बिचारे दोघांचंही कौतुक करून जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी आबा निघाले. समुद्राच्या वाऱ्याने दार आपटायचं, म्हणून बायकोने खाली आमची एक फळी सारली होती. तिथे ती निमुळती फळी फार छान बसली होती. दार सताड उघडं.

"चला आबा, आधी तुम्ही."

"छे, जावईबापू, आधी तुम्ही."

बोईसर स्टेशनची एसटी समोरून निघून गेली तेव्हा आम्ही दोघेही उंबऱ्याच्या आतच होतो. बायकोने आबांची पिशवी परत खुंटीला टांगली.

"बरंच झालं," आबा हसून म्हणाले. "अर्धा ओंडका शिल्लक आहे अजून. या खेपेला तुमच्या रेघेने जाऊ."

"छे आबा," मी म्हणालो, "तुमच्या."