शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल

पुण्यात फुकट कार्यक्रमाला जायचं तर तासभर आधी जावं लागतं, नाहीतर खांबामागची खुर्ची ठरलेली. आमच्या घरी कामाची वाटणी होती. दाराशी मी स्कूटरवरून उतरायचं, लगबगीने आत जाऊन दोन खुर्च्या धरायच्या आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा. आमचे हे स्कूटर लावून सावकाश यायचे. इतके सावकाश, की दिवे मंद व्हायला लागले तरी माझी मान दाराकडेच. "कोणी आहे का हो इथे?" असं येणारा-जाणारा विचारायचा आणि मी ठणकावून सांगायची, "आहेत. येताहेत."

मग किल्ल्या वाजवत हे उगवायचे. "किती उशीर केलात, अहो!" मी म्हणायची. हे रुमालाची घडी घालून माझ्या हातात द्यायचे आणि बसायचे. एवढाच संवाद.

यांना रडकं काहीतरी आवडायचं. हा माझा शब्द. सिनेमा बघणार तोही असा, की एक म्हातारा तासभर खिडकीत बसलाय आणि बाहेर काहीही घडत नाहीये. फोटो काढणार ते सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्डातल्या रिकाम्या गाळ्यांचे, नाहीतर स्वारगेटच्या एखाद्या बाकाचे. "अहो, पुणं माणसांनी ओसंडून वाहतंय आणि तुम्हाला एक माणूस मिळत नाही?" मी विचारलं होतं. "माणसं नेमके डोळे मिटतात," हे म्हणाले. "बाक मिटत नाही."

हे गेले त्याला आता दुसरं वर्ष. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला रिक्षाने गेले आणि सवयीने शेजारी रुमाल टाकला. लक्षात आल्यावर उचलायला हवा होता, नाही उचलला. पुढच्या वेळी तर मुद्दामच टाकला. खोटं कशाला बोलू, दिवे मंद होईपर्यंत वाट बघणं मला हवं होतं. तेवढा वेळ हे बाहेर कुठेतरी स्कूटरला जागा शोधत असायचे.

चित्रांच्या प्रदर्शनात खुर्च्या नसतात, तिथे रुमालाचं काही चालत नाही. तरी एखाद्या चित्रात निर्मनुष्य घाट दिसला की मी जरा बाजूला सरकून उभी राहते, दोघांना दिसावं म्हणून. आणि यांचे फोटो आता रोज बघते. तो बाक मला रिकामा वाटतच नाही. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटतं.

परवा संध्याकाळी गाणं होतं. सभागृह खचाखच भरलेलं. पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी आली. "काकू, ही सीट टेकन आहे का?"

"आहेत. येताहेत."

बिचारी भिंतीला टेकून उभी राहिली. गाणाऱ्या बाईंनी मारवा राग सुरू केला. मारव्यात पंचम हा सूर नाहीच, आणि षड्ज, म्हणजे सुरांचं घर, तोही असून नसल्यासारखा. सूर दारापर्यंत येतो आणि आत न येताच मागे फिरतो. जीव कासावीस होतो नुसता, आणि तरी तो संपू नये असं वाटतं. सहज भिंतीकडे पाहिलं, तर त्या पोरीचा स्कार्फ गळ्यात उतरलेला, डोळे मिटलेले आणि गालांवरून पाणी वाहतंय. पुसतही नव्हती.

मी रुमाल उचलला आणि तिला खूण केली.

"पण कोणी येणार होतं ना?"

"नाही," मी म्हणाले. "कोणी येणार नाहीये." हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं.

मध्यंतरात कळलं, पोरगी आयटीत आहे, वाघोलीला खोली घेऊन राहते, घर लांब तिकडे वऱ्हाडात. "बसमध्ये मी सगळी सॅडच गाणी ऐकते, काकू. रूममेट हसते. पण मला ना, त्यानेच बरं वाटतं."

"आमच्याकडेही होते एक असे," मी म्हणाले.

ती उठली, स्कार्फ खुर्चीवर टाकला. "सीट बघाल ना? येतेच मी."

घंटा झाली. दिवे मंद व्हायला लागले. पोरीचा पत्ता नाही. एक गृहस्थ वाकून म्हणाले, "कोणी आहे का हो इथे?"

"आहे. येतेय." म्हटलं खरं. मान दाराकडे. तानपुरे सुरू झाले. नाही आली तर? गेली असेल घरी, वाघोली काय जवळ आहे? पण स्कार्फ कशी टाकून जाईल?

आणि अंधारातून दोन्ही हातांत चहाचे कप सांभाळत ती आली. "सॉरी काकू, लाइन होती."

"किती उशीर केलात, अहो!" माझ्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. मी तिच्या स्कार्फची घडी घातली, आणि ती माझ्या शेजारी बसली.