व्हेटो सरांबद्दल पहिल्या वर्षाचं मत

विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारे हे गृहस्थ नुसते खोकले, तरी जिन्यावरची पोरं गप्प व्हायची. त्यांना 'छोट्या' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची ताई. छोट्याचं वय अठ्ठावन्न आणि ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांची नाकं पुसून ती निवृत्त झाली, आणि नवरा गेल्यावर भावाच्या दोन खोल्यांत राहायला आली. भावानं लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर ताई सांगायची, "मसुदा पसंत पडला नसेल."

मसुद्यांच्या बाबतीत छोट्या खरोखरच महाकठीण होता. विद्यार्थी त्याला व्हेटो सर म्हणायचे. साऱ्या जगाचा ठराव एका 'नाही'नं अडवता येतो, तो व्हेटो. निबंध एकदा दिला की नाही, दुसऱ्यांदा दिला की नाही, चौथ्यांदा दिला की "आता वाचण्याजोगा झालाय, आता लिहायला घ्या." शिवाय प्रत्येकाला वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठी टाकून एकेक देश मिळायचा, आणि वर्षभर त्या देशाच्या तोंडानंच बोलायचं. 'मला वाटतं' म्हटलं की खाली बसा. 'आमच्या देशाला वाटतं' म्हटलं की "पुरावा?" पोरांच्या नाकी नऊ यायचे. पहिल्याच दिवशी फळ्यावर तो मोठ्या अक्षरात लिहायचा, 'कारणं चालणार नाहीत.' निबंधाला एक दिवस उशीर झाला काय नि आठवडा झाला काय, दहा गुण गेले म्हणजे गेले.

या माणसाला दुसरं काही नव्हतंच. सिनेमा नाही, मित्र नाहीत, बागेत फिरणं नाही. पहिल्या वर्षाचा वर्ग हेच त्याचं घरदार. वरच्या वर्गांना कुणीही शिकवेल, पण कोऱ्या पोरांना विचार करायला मीच शिकवणार, हा त्याचा बावीस वर्षांचा हट्ट. ताईला हे ठाऊक होतं, म्हणूनच या वर्षीचं पाकीट घरी आलं तेव्हा तिला ते नकोसं वाटलं.

पाकिटात विद्यार्थ्यांनी सरांबद्दल लिहिलेली मतं होती, नाव न घालता, ज्याच्या त्याच्या अक्षरात. अशी पाकिटं दर वर्षी यायची आणि छोट्या ती न फोडता कपाटात टाकायचा. "परीक्षा मी घेतो, देत नाही," असं त्याचं म्हणणं. पण या खेपेला विभागप्रमुखानं गाठलं. तो छोट्याचाच जुना विद्यार्थी, त्यामुळे बिचारा बोलताना चाचरत होता. "सर, पहिलं वर्ष नव्या मॅडमकडे द्यावं असं काही जणांचं म्हणणं आहे. मी काही ठरवत नाही. तुम्ही एकदा मतं वाचा आणि शुक्रवारपर्यंत तुम्हीच सांगा."

आणि नेमकं त्याच आठवड्यात छोट्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात पिकत आलेला मोतीबिंदू. वाचायची सक्त मनाई, आणि मनाई नसती तरी काही दिसलं नसतं. बुधवारी दुपारी तो खिडकीपाशी खुर्चीत बसला आणि पाकीट ताईकडे सरकवून म्हणाला, "वाच."

ताईनं चष्मा लावला. पहिला कागद मनातल्या मनात वाचला आणि तिचा चेहरा पडला. पण चेहरा कुणाला दिसणार होता? ती घसा साफ करून वाचू लागली.

"सर खूप प्रेमळ आहेत. सर वर्गात नियमित येतात."

"हं."

"सरांचं अक्षर वळणदार आहे. सर वर्ग स्वच्छ ठेवतात."

"पुढचा वाच."

"सर सर्वांशी मिळूनमिसळून वागतात. सरांना पाढे..." इथं ताई अडखळली.

छोट्यानं मान खाली घातली. रागावला की काय म्हणून ताईनं पाहिलं, तर त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. "ताई, हे प्रगतिपुस्तक आहे. माझं अक्षर वळणदार? बावीस वर्षांत एकालाही ते लागलेलं नाही. खरं वाच ना."

"छोट्या, कशाला उगाच?"

"वर्गात मी त्यांना काय सांगतो? समोरच्याचं पत्र आधी पूर्ण वाचा, मग उत्तराला हात घाला. आणि मी मात्र बावीस वर्षं पाकिटं फोडली नाहीत. वाच. गाळू नकोस."

मग ताई खरं वाचू लागली. एकानं लिहिलं होतं, सरांच्या तासाआधी माझ्या पोटात दुखतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, चार वेळा निबंध परत आला, पण पाचव्या वेळी पहिल्यांदाच मला कळलं की मी काय म्हणत होतो. एकीला सरांचा आवाज आवडत नव्हता, पण मुद्दे आवडत होते. एक आगाऊ पोरगा तर आपल्या देशाच्याच तोंडानं बोलला होता: 'आमचा देश सरांच्या धोरणाचा तीव्र शब्दांत निषेध करतो, मात्र चर्चेची दारं खुली ठेवतो.' यावर छोट्या इतका खूश झाला की म्हणाला, "याला दोन गुण जास्त दिले पाहिजेत. पण कोण ते कळायचं नाही, हीच पंचाईत." ताईलाही हायसं वाटलं. बरंवाईट दोन्ही होतं, आणि छोट्या दोन्ही झेलत होता. इतकी वर्षं उगाच घाबरलो, असंही तो बोलून गेला.

तळाशी एक अर्धाच कागद होता. ताईनं तो आधी डोळ्यांनी वाचला आणि हळूच पाकिटात परत सारला.

"संपले?"

"एक राहिलाय."

"मग?"

ताईला वाटलं, हा कागद खाऊन टाकावा. पण गाळू नकोस, असं त्यानं आत्ताच बजावलं होतं. ती हळूहळू वाचू लागली.

"निबंध द्यायचा होता त्या आठवड्यात माझे बाबा गेले. तीन दिवस उशीर झाला. दहा गुण गेले. सरांना मी काही सांगितलं नाही. सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, कारणं चालणार नाहीत. मला वाटलं, हेही कारणच आहे. बाकी सर चांगलं शिकवतात."

मग छोट्या स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "उशिरा देणारे सात जण होते. मला सातही नावं पाठ आहेत."

"आठवू नकोस."

"नाही आठवत. नाव लिहिलेलं नाही, म्हणजे मी ओळखू नये असं त्या लेकराला वाटतं." आणि थोड्या वेळानं, "बाकी सर चांगलं शिकवतात, असं लिहिलंय. वर हे. ताई, हे बाकीचं म्हणजे काय गं उरतं?"

ताईला त्याची फार कीव आली आणि त्या न पाहिलेल्या लेकराचीही. दोघांची एकाच वेळी कशी समजूत काढायची ते तिला कळेना.

संध्याकाळी त्यानं तिच्याकडून पत्र लिहून घेतलं. पहिलं वर्ष नव्या मॅडमकडे सोपवावं, माझी काही हरकत नाही. दोन ओळींचं पत्र, पहिल्याच मसुद्यात पास. सही करायला त्यानं हात पुढे केला, पण ताईनं कागद पर्समध्ये टाकला.

"सही उद्या. आधी उद्याचा तास घे."

"कोणत्या तोंडानं?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार आहेस?"

गुरुवारी सकाळी ताई त्याला कोपराला धरून दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. काळा चष्मा, चष्म्याच्या आत पट्टी, एकेक पायरी मोजत. त्याला टेबलाशी उभं करून ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिथं एक किडकिडीत मुलगी एकटीच होती, तिनं वही उचलून जागा करून दिली. भावाला शिकवताना ताई पहिल्यांदाच पाहणार होती, आणि त्याच्यापेक्षा तीच जास्त धास्तावली होती.

छोट्यानं हजेरी घेतली नाही. तो म्हणाला, "तुमची मतं काल मी वाचली. म्हणजे माझ्या ताईनं मला वाचून दाखवली, ती मागे बसली आहे." सगळ्या माना मागे वळल्या आणि ताई उगाचच ताठ बसली. "कुणी काय लिहिलं ते मला माहीत नाही, मला ते कळायलाही नको. पण एका गोष्टीत माझी चूक झाली. दुसऱ्या देशानं काही केलं, तर निवाडा करण्याआधी त्याच्या घरात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते पाहा, हे मी तुम्हाला घोकून घोकून शिकवलं. स्वतः मात्र पाहिलं नाही. ज्यांचे निबंध उशिरा आले, त्यांनी कारण सांगायचं नव्हतं, मी विचारायचं होतं. मला माफ करा. दहा गुण सगळ्यांना परत."

व्हेटो सर माफी मागतात, याला काय म्हणायचं हे पोरांना कळेना. तेवढ्यात मधल्या रांगेतला एक लंबूटांग उभा राहिला.

"सर, माझे गुण परत नका देऊ. आमच्या देशात त्या आठवड्यात काहीच घडलं नव्हतं. आम्ही मॅच बघत होतो."

वर्ग फिदीफिदी हसला. मग दुसरी उठली. "सर, मी झोपले होते. खरंच, नुसती झोपले होते." पुन्हा हसू. तिसराही उठायच्या बेतात होता. प्रामाणिकपणाची जणू साथच आली. ताईही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष शेजारी गेलं. मुलीनं बाकाची कड घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. ताईनं मनात मोजलं. सात जण होते. एकेक जण असा मोकळा होत गेला, तर शेवटी जी उरेल तिच्याकडे सगळा वर्ग वळून पाहणार होता.

ताई उठणार, इतक्यात टेबलावर जोरात थाप पडली.

"बसा खाली! कुणीही काही सांगायचं नाही. सातही जणांचे गुण परत. झोपलेल्यांचेही. चर्चा बंद."

"व्हेटो!" कुणीतरी मागून हळूच म्हणालं, आणि ते छोट्याला ऐकू गेलं. या खेपेला तोही हसला. शेजारच्या मुलीचा हात सैल पडला. समोरचं धड दिसत नसताना या माणसाला एवढं कसं दिसलं, म्हणून ताईला भरून आलं. हा आपला छोट्या, आपणच याला बोट धरून शाळेत नेलं होतं.

मग त्यानं नेहमीसारखा तास घेतला, दोघांना धारेवर धरलं, एकाचं 'मला वाटतं' अर्ध्यात तोडलं. जाता जाता खडूनं चाचपडत फळ्यावर पुढच्या निबंधाची तारीख लिहिली. ओळ उतरत उतरत पार कोपऱ्यात गेली. तारखेखाली लिहिलं, 'उशीर झाल्यास कारण सांगावे. ऐकले जाईल.' पर्समधल्या पत्राचं त्यानं नाव काढलं नाही, आणि ताईनंही काढलं नाही.

मुलं बाहेर पडू लागली. शेजारची मुलगी वही आवरत रेंगाळली होती. फळ्याकडे पाहतच तिनं विचारलं, "तुम्हीच वाचून दाखवलंत ना सगळं?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. सावकाश वाचलं."

मुलीनं मान हलवली. मग फार हळू आवाजात म्हणाली, "सर काय म्हणाले?"

काही गोड सांगता आलं असतं. ताई म्हणाली, "बाकीचं म्हणजे काय उरतं, असं मलाच विचारत होता गं. काल रात्रीपासून जेवला नाहीये."

मुलीनं नाक ओढलं, वही छातीशी धरली आणि दाराकडे निघाली. दारातून परत आली.

"त्यांना म्हणावं, जेवा." एवढं बोलून ती जवळजवळ पळालीच.

ताईनं डोळे पुसले आणि टेबलाशी जाऊन भावाचा कोपर धरला.

"चल घरी. जेवायचंय."

"मला भूक नाही, ताई."

"तुला विचारलेलं नाही. वर्गाचा ठराव आहे."

छोट्या थबकला. रिकाम्या बाकांकडे त्यानं तोंड वळवलं, काही विचारायला ओठ उघडले, आणि न विचारताच मिटले. मग म्हणाला, "मग चल."