माझ्या वाटचा नमस्कार

गणपती तोंडावर आले होते. पिंपळवंडीला आमच्या द्राक्षबागेत ड्रिपच्या नळीत माझा एक पाय अडकला, दुसरा चिखलात घसरला आणि मी अशी काही आपटले की वेलींच्या मांडवाखाली काम करणाऱ्या बायका हातातलं टाकून पळत आल्या.

नारायणगावला एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, पण खुब्याचा गोळा वाटीतून अर्धवट निसटला होता. डॉक्टरांनी एका तळहाताची वाटी केली, तिच्यात दुसऱ्या हाताची मूठ ठेवली आणि जराशी सरकवून दाखवली... मग भूल देऊन गोळा जागेवर बसवला.

पण गोळ्याला धरून ठेवणारी लिगामेंट ताणली होती. ती भरून येईपर्यंत खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कमरेतून वाकायचं नाही. पुन्हा निसटला तर ऑपरेशनची वेळ येईल, म्हणाले.

मी एकच विचारलं, थिनिंगला उभी राहीन ना? द्राक्षाचे घड विरळायचं हे काम उभ्यानेच, हात वर करून करावं लागतं आणि आमच्या बागेत ते मीच बघते. "नियम पाळलेत तर राहाल," ते म्हणाले. झालं... मी हट्टालाच पेटले.

कमोडची खुर्ची आली, पलंग उंच केला, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. फिजिओथेरपीचे व्यायाम दात-ओठ खाऊन करत होते. सगळं सुरळीत चाललं होतं... पाहुणे यायला लागेपर्यंत.

आमच्याकडे सुनेने मोठ्यांच्या पाया पडायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नसतंच. चुलत सासरे भेटायला आले. मी वॉकर धरून उठले, पदर सावरला आणि वाकले... खुब्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी.

पुन्हा नारायणगाव. नशीब, गोळा जागेवर होता, पण लिगामेंट परत दुखावली आणि विश्रांती लांबली. वाकलात कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं. "सासरे आले होते," मी म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला. पाया पडणं म्हणजेही वाकणंच, हे सांगायचं त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं!

परतताना गाडीत मी जाहीर करून टाकलं, बरी होईपर्यंत कुणाच्याही पाया पडणार नाही. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. नवरा गालात हसला. सासूबाई मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, रागावल्या.

परीक्षा लगेच आली. घोडेगावहून आत्याबाई आल्या, म्हणजे सासूबाईंच्या मोठ्या नणंद. कुणाच्या लग्नात कोणती सून पाया पडली नव्हती, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.

मी वॉकरला टेकून ताठ उभी राहिले आणि हात जोडले. "आत्याबाई, मला वाकता येत नाही. इथूनच नमस्कार."

"एवढं काय मोडलंय गं?" आत्याबाई जागच्या हलेनात. मीही वाकले नाही.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. गुडघ्यांनी बेजार झालेली ती बाई कण्हत वाकून नणंदेच्या पाया पडली. सरळ झाली... आणि पुन्हा वाकली.

"अगं, एकदा पडलीस की!" आत्याबाई म्हणाल्या.

"तो माझा व्हता. ह्यो तिच्या वाटचा. तिचा खुबा बरा व्हईस्तोवर तिच्या वाटचं मीच पडणार. आमाला थिनिंगला ती उभी पायजे."

आत्याबाईंना हसूच आलं. "बस गं बाई, बस खुर्चीवर," मला म्हणाल्या. मला मात्र रडू फुटलं.

त्यानंतर जे कुणी वडीलधारं भेटायला आलं, त्याला सासूबाईंचे दोन नमस्कार मिळाले. रात्री त्या गुडघ्यांना तेल चोळत बसायच्या. मी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "तू व्यायाम कर आपला."

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी वाकायला परवानगी दिली. घरी आल्या आल्या मी सासूबाईंपुढे वाकले... हळूहळू, पार खालपर्यंत. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "पुरे. आता बागेत चल, बायका खोळंबल्यात."

आज सकाळभर मांडवाखाली उभी होते. खुबा जरा ठणकतोय, पण गोळा जागेवर आहे. तो तिथे राहावा म्हणून दुखऱ्या गुडघ्यांची एक बाई माझ्या वाटचं वाकत होती... हे मी जन्मात विसरणार नाही.