मडिवाळप्पांच्या लॉजवरून उपाशी निघालो तेव्हा

लॉजवाल्यानं चावी द्यावी, गरम पाणी द्यावं अन् आपलं आपण बसावं, असं माझं साधं मत आहे. किनवटच्या मडिवाळप्पांना ते कधी पटलं नाही. हे मूळचे उदगीरचे लिंगायत. वय साठीच्या पुढं, पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे, अन् त्यात शुगर. लॉज चालवायचे, पण जीव सगळा मागच्या स्वयंपाकघरात.

मी अन् वैजनाथ लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवतो आणि सुट्टी मिळाली की दोर घेऊन डोंगर चढतो. किनवटजवळचा एक उभा कडा ऊन तापायच्या आत चढून जायचा होता. पहिल्या दिवशी पहाटे निघालो, तर मडिवाळप्पा लिंगपूजा आटोपून दारातच खुर्ची टाकून बसलेले.

"न खाता कुठं निघालात सर? माझ्या छपराखाली झोपलेलं माणूस जेवल्याबिगर मी घास घेत न्हाई. आमच्या वडलांपासनं हाय हे."

मग धपाटे आले, दही आलं. हुग्गी आली, म्हणजे गव्हाची गुळातली घट्ट खीर, तिच्यावर तूप. बास म्हणलं की अजून एक पळी. कड्यापाशी पोचलो तर वैजनाथच्या कमरेला दोराचा पट्टा बसेना. दोघंही झाडाखाली घोरत पडलो अन् ऊन चढल्यावर हात हलवत परत आलो. वर मडिवाळप्पा म्हणतात, "पोटात होतं म्हणून सुखरूप आलात." माझं डोस्कंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी बूट हातात धरून मागच्या दारानं सटकलो. सुट्टीचा शेवटचा दिवस होता, आता काय कीर्तन ऐकायचंय का याचं?

कडा अर्धा झाला अन् फोन वाजला. त्यांच्या मंडळी, गौरम्मा. मी दोराला लटकलेला.

"सुदर्शन सर, काय केलं हो तुम्ही? ह्यांनी शुगरची गोळी घेतलीय अन् पोटात कण न्हाई. तुम्ही उपाशी गेले म्हणून डबा घेऊन डोंगराकडं निघालेत, मागच्या गुरांच्या वाटेनं. माझं ऐकून न्हाई राहिले. चक्कर आली तर तिथं कोण हाय?"

गोळी घेऊन न खाता डोंगर चढणारा माणूस. माझा राग कुठल्या कुठं गेला. उतरण्यापेक्षा वर जाऊन पलीकडच्या वाटेला लागणं जवळचं होतं. मग आम्ही जे चढलो, तसे जन्मात चढलो नव्हतो. कोपरं सोलली, वैजनाथचा बूट फाटला. माथ्यावर पोचलो तर तिथं कुणीच नाही.

गुरांच्या वाटेनं पळत सुटलो. थोडं खाली एका दगडावर मडिवाळप्पा बसलेले. घामानं निथळत होते, हात थरथर कापत होते. मांडीवरचा डबा मात्र बंद.

मी डबा हिसकून उघडला अन् धपाटा त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी मान फिरवली.

"आधी तुम्ही."

"अप्पा, तुम्हाला काही अक्कल हाय का न्हाई? मेला असता इथं. आमच्यामुळं. गौरम्मांना काय तोंड दाखवलं असतं आम्ही?" मी ओरडून राहिलो होतो.

"सर," ते बारीक आवाजात म्हणाले, "भांडण खाल्ल्यावर करा. तुम्ही असंच बोलत बसलात तर मी खरंच मरीन."

मी अख्खा धपाटा तोंडात कोंबला. वैजनाथनं दोन कोंबले. तेव्हा कुठं मडिवाळप्पांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, अन् हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. गौरम्मांना कळवावं म्हणून मी फोन लावला, पण तोंड गच्च भरलेलं, शब्द फुटेना. पलीकडून त्या रडवेल्या आवाजात विचारत होत्या, "कसे हायेत हो? बरे हायेत ना?"

मडिवाळप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बरे हायेत," ते म्हणाले. "दोघंबी जेवून राहिलेत."