मोऱ्याची लाँच आणि भिमाबाईंचा धवला

चंद्रहास गेले त्या दिवशी त्यांच्या गावी, गव्हाणला बँडवाले न बोलावता आले होते. कोणी त्यांना निरोप दिला, कोणास ठाऊक. चांगले गणवेश घालून, ट्रम्पेट आणि ढोल घेऊन ते अंगणाच्या कडेला उभे राहिले. पनवेल-उरणच्या कुठल्याही हळदीत चंद्रहासांचं गाणं वाजवल्याशिवाय यांना सुट्टी मिळत नसे, त्यामुळे आपण यायलाच हवं असं त्यांना वाटलं असणार. पण आले तर खरे, वाजवायचं काय ते कोणालाच सुचेना. चंद्रहासांच्या त्यांना येणाऱ्या सगळ्या चाली नाचायच्या. शेवटी त्यांच्यातला म्होरक्या माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, ‘‘बाई, ‘मोऱ्याची लाँच’ वाजवू? एकदम स्लो घेतो.’’ मी मान हलवली. त्यांनी खरोखरच फार हळू सुरुवात केली... आणि दुसऱ्याच ओळीला ओटीवरच्या बायकांमधून एक म्हातारी उठली. हात वर करून म्हणाली, ‘‘थांबवा. ह्यो धवला हाय, भिमाचा. मयताला नाय वाजवायचा.’’ बँड थांबला. मग स्मशानापर्यंत ते सगळे वाद्यं खांद्याला लावून नुसतेच चालत आले.

त्या म्हातारीला जे दोन ओळींत कळलं, ते नव्या पिढीतल्या कोणालाही माहीत नाही. हळदीचं एक धमाल गाणं म्हणूनच लोक ते ओळखतात. त्या चालीची गोष्ट सांगितली की चंद्रहासांची निम्मीअधिक गोष्ट सांगून होते, म्हणून ती इथे सांगते.

आमची ओळख कॅसेटच्या दिवसांतली. मी पनवेलच्या एका शाळेत संगीताची शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. चंद्रहास उरणला एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि सुट्टीच्या दिवशी पेटी घेऊन गाणी बसवत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी माझं गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी थेट स्टाफरूममध्ये येऊन उभे राहिले. उंच, शिडशिडीत, मिठागरात राबलेल्या घरातला रापलेला रंग, आणि अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. ‘‘माझ्याकडे एक गाणं आहे. आवाज तुमचा पाहिजे,’’ एवढंच म्हणाले. पनवेलमध्ये गफूरभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. तिथे आम्ही ते गाणं केलं, उरणच्या मोरा बंदरातून सुटणाऱ्या लाँचचं. ‘मोऱ्याची लाँच सुटली रं, मी धक्क्याव एकली रं...’ मी दरवेळी ‘एकटी’ म्हणायची आणि चंद्रहास पेटी थांबवायचे. ‘‘बाई, एकटी नाय. एकली. एकटी म्हणजे नुसती बाजूला कोणी नाही ती. एकली म्हणजे जिच्या जिवाला लागलंय ती.’’ घरी जाताना रस्त्याने मी तो एकच शब्द घोकत गेले होते. पुढे आमची मैत्री इतकी जुनी झाली, तरी ते मला बाईच म्हणत राहिले आणि मी त्यांना अहोजाहो करत राहिले. कॅसेटवर ते आडनाव लावत नसत. ‘गीत-संगीत : चंद्रहास, गव्हाण’ एवढंच छापून घ्यायचे.

गाणं किती चाललं हे मी सांगायला नको. गफूरभाईंचे दुबईला असलेले नातेवाईक तिथल्या पनवेलकरांसाठी कॅसेटी पिशव्या भरभरून न्यायचे. आम्ही खुशीत होतो. चाल कुठून आली हे मी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

चंद्रहासांची आई, भिमाबाई, धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. तिचा धवला झाल्याशिवाय नवरानवरी लग्नाची होत नाहीत, असा तिचा मान. भिमाबाईंना आजूबाजूच्या गावांतून बोलावणी असत. ‘मोऱ्याची लाँच’ची चाल त्यांच्याच एका धवल्याची होती, फक्त तिप्पट वेगात आणि खाली ढोलकी टाकून. कॅसेट बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत शेजारच्या गावी लग्न होतं. भिमाबाई उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि तो धवला सुरू केला. मांडवात मागे बसलेल्या पोरांनी चाल ओळखली. त्यांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्यांचा ठेका धरला, दोघंतिघं नाचायलाच लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना ते गाणं आवडत होतं इतकंच. भिमाबाई मध्येच थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा धवला अर्धा राहिला. दुसऱ्या एका बाईने लग्न पुरं केलं. त्या घरी आल्या आणि त्यानंतर त्यांनी कोणाच्या लग्नाची सुपारी घेतली नाही. मुलाशीही बोलल्या नाहीत. वेळेवर ताट वाढायच्या, आंघोळीचं पाणी काढून ठेवायच्या, पण तोंडातून शब्द नाही. पुढे लग्न झाल्यावर चंद्रहास पनवेलला राहायला आले, त्याचं एक कारण हेही होतं.

मधली वर्षं भरभराटीची होती. नोकरी सुटली, कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, चंद्रहासांची गाणी मात्र येत राहिली. कोळीगीतं, हळदीची गाणी, देवीची गाणी, निवडणुकीतल्या उमेदवारांची गाणी... एकदा समोरासमोर उभ्या असलेल्या दोघा उमेदवारांना त्यांनी एकाच आठवड्यात गाणी दिली होती आणि दोन्ही मला ऐकवून विचारलं होतं, ‘‘कोण निवडून येईल, बाई?’’ काही महिने मुंबईत सिनेमाचं काम मिळतंय का तेही बघून आले. परतल्यावर त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. ‘‘तिकडे चाल सांगायच्या आधी तीन खुर्च्या बदलाव्या लागतात,’’ म्हणाले आणि विषय संपवला. लोकांना ते मिश्कील, बोलघेवडे वाटत. पण कोणी त्यांच्यासमोर ‘मोऱ्याची लाँच’चं कौतुक करायला लागलं की ते उठून पाणी प्यायला जात, हे मी अनेकदा पाहिलंय.

मग विमानतळासाठी काही गावं उठायला लागली आणि त्यांच्या डोक्यात नाटक आलं. संगीत नाटक म्हणजे पूर्वीसारखी पदं नव्हेत, गाण्यांतूनच पुढे सरकणारं नाटक. गोष्ट साधी होती. एका मुलीचं लग्न ठरलंय, तारीख धरलीय, आणि गाव हलतंय. निम्मी घरं पाडून झालीत, नव्या प्लॉटवर अजून भिंती नाहीत. मग मांडव घालायचा कुठे? नाटकाचं नावच होतं ‘मांडव कुठं घालू?’. पनवेलच्या आमच्या हौशी मंडळींनी ते करायला घेतलं. मला धवलारणीचं काम दिलं. गाणी एकाहून एक झाली होती. बुलडोझर चालवणाऱ्याचं गाणं तर असं होतं की तालमीत आम्ही हसता हसता मध्येच थांबायचो. फक्त लग्नाच्या प्रवेशाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. तिथे आईचाच दुसरा एक धवला हवा होता, आणि या वेळी तो विचारून घ्यायचा होता.

ते गव्हाणला गेले तेव्हा मला सोबत नेलं. भिमाबाई ओटीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. चंद्रहासांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भिमाबाईंनी वर पाहिलं नाही. मला उद्देशून म्हणाल्या, ‘‘त्याला सांग, पयल्यांदा नेलास तवा इचारला होतास का? आता कनाला इचारतंस?’’ चंद्रहास म्हणाले, ‘‘म्हणूनच इचारतो, आये.’’ सूप हलत राहिलं. ‘‘नाय,’’ त्या म्हणाल्या. आम्ही चहाही न घेता परत आलो.

मंडळातले सगळे म्हणाले, तुम्हीच तसली एक चाल बांधा, कोणाला कळणार आहे? चंद्रहासांना ते सहज जमलं असतं. त्यांनी बांधली नाही. पहिल्या प्रयोगात लग्नाचा प्रवेश आला तेव्हा रंगमंचावर आम्ही बायका नवरीभोवती बसलो, हळद वाटली, तिला लावली आणि कोणीही गायलं नाही. पाट्यावरवंट्याचा आवाज आणि बांगड्या. प्रेक्षागृहात चुळबूळ झाली, एकाने तर ‘माइक बंद आहे!’ असं ओरडून सांगितलं. भिमाबाई तिसऱ्या रांगेत होत्या. नाटक आपल्याच लोकांचं म्हणून गव्हाणच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या आणि त्यांनी भिमाबाईंना बळेच आणलं होतं.

प्रयोग संपल्यावर त्या रंगपटात आल्या. इतकी वर्षं न बोललेल्या मुलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मुक्याचा लगीन लावलंस.’’

‘‘तू नाय म्हटलीस ना,’’ चंद्रहास म्हणाले.

त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘तुला नाय म्हटला. हिला कवा नाय म्हटला?’’

अशी मी भिमाबाईंची शिष्या झाले. आठवड्याच्या सुट्टीला गव्हाणला जायची. अट एकच होती, तोंडातून तोंडात. ‘‘मशिनीत नाय घालायचा,’’ त्या बजावायच्या. ‘‘मशिनीत घातला का कोनी पन वाजवील, कवा पन. धवला बोलावल्याशिवाय येत नाय.’’ मी शास्त्रीय शिकलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी एक नाजूक मुरकी घेतली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देव्हाऱ्यासमोर चप्पल घालून आले होते. चंद्रहास पडवीत बसून ऐकायचे. त्यांना आत यायला परवानगी नव्हती. एकदा न राहवून त्यांनी बाहेरून पेटीचा सूर दिला. आतून भिमाबाई ओरडल्या, ‘‘चंद्या, पेटी हलू!’’ पेटी हळू काय, बंदच झाली. मी डोकावून पाहिलं तर चंद्रहास दोन्ही हात भात्यावर ठेवून नुसते बसले होते. आईने नावाने हाक मारली होती त्यांना.

पुढच्या प्रयोगांत तो धवला मी गायले. गावोगावच्या मैदानांवर नाटक झालं. ज्यांची घरं उठली त्यांच्यासमोरही झालं, आणि तिथे धवल्याला बायका आपोआप डोक्यावरून पदर घ्यायच्या. मग एका कंपनीने नाटक चित्रित करायची तयारी दाखवली. मंडळात आनंदीआनंद झाला. चंद्रहासांनी सांगितलं, लग्नाचा प्रवेश सोडून सगळं करा. कंपनी म्हणाली, तोच तर हवाय. बोलणी फिसकटली. तोवर भिमाबाई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, म्हणजे अडवणारंही कोणी नव्हतं. मंडळातली तरुण मुलं फार चिडली, कारण त्यांच्यासाठी ती मोठी संधी होती. मुख्य काम करणारा मुलगा सोडून गेला तो परत आला नाही. मीदेखील चंद्रहासांशी भांडले. म्हटलं, ‘‘तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणाला दिसणारच नाही. लोक तुम्हाला फक्त लाँचवाले म्हणून ओळखतील.’’

‘‘ओळखू देत,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्यांदा मी विचारलं नव्हतं, बाई. दुसऱ्यांदा विचारलं आणि उत्तर मिळालं. आता ती नाही म्हणून उत्तर बदलतं होय?’’

नाटक हळूहळू बंद पडलं. आज त्याचे काही फोटो आहेत, बाकी काही नाही. माझं म्हणणं खरं ठरलं. त्यांच्या निधनाच्या सगळ्या बातम्यांत ‘मोऱ्याची लाँच’ होती आणि नाटकाचा एका ओळीत उल्लेख होता, तोही चुकीच्या नावाने. त्यांचं बरोबर होतं का माझं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा प्रीतम माझ्याकडे आला. तो रेकॉर्डिंगच्याच धंद्यात आहे, आवाजातली बारीक खरखरसुद्धा त्याला ऐकू येते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, ‘‘मावशी, आजीचा धवला आता फक्त तुम्हाला येतो. एकदा म्हणा. मी रेकॉर्ड करून ठेवतो, कोणाला देणार नाही.’’ मी नाही म्हटलं. तो रागावला नाही. ‘‘मग तुमच्यानंतर?’’ एवढंच विचारलं. प्रश्न रास्त होता. माझी सत्तरी उलटली आहे. मी म्हटलं, ‘‘शिकायला बस.’’ तो कसनुसं हसला, ‘‘मला कुठे गाता येतं?’’ तेव्हा त्याची बायको सायली म्हणाली, ‘‘मी बसते.’’

तेव्हापासून रविवारी सकाळी मी पनवेलच्या त्यांच्या घरी जाते. शिकवणी चंद्रहासांच्या खोलीत चालते. खोली आहे तशीच आहे. खिडकीशी कीबोर्ड, त्यावर त्यांचा टॉवेल टाकलेला, भिंतीवर बेसिन आणि दाढीचा आरसा. कामाच्या खोलीत बेसिन कशाला, म्हणून त्यांच्या पत्नी, वैजयंतीवहिनी, त्यांना नेहमी बोलायच्या, पण चाल सुचत असताना दाढीसाठी बाहेर जावं लागू नये म्हणून त्यांनी ते मुद्दाम बसवून घेतलं होतं. सायली मन लावून शिकते. आवाज वरच्या सुरात अजून चिरकतो, पण ती मुरक्या घेत नाही, ही मोठी गोष्ट. प्रीतम दाराशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो.

मागच्या रविवारी सायली एका ओळीनंतर अडली. मी मुद्दाम सांगितलं नाही, तिला आठवते का पाहत होते. आणि पुढची ओळ दाराकडून आली, अगदी हळू, पण नेमक्या सुरात, नेमक्या ठिकाणी थांबणारी. आम्ही दोघींनी वळून पाहिलं. प्रीतमने मोबाइलमधून डोकं वर काढलं. त्यालाही बहुधा तेव्हाच कळलं की तो गायला.

‘‘तुला कशी येते?’’ मी विचारलं.

त्याने बेसिनकडे पाहिलं. ‘‘बाबा दाढी करताना म्हणायचे... रोज. नळ सोडून. मला वाटायचं, असंच काहीतरी गुणगुणतात.’’

मला हे माहीत नव्हतं. आईने ज्यांना तो कधीच दिला नाही, त्यांनी तो पडवीत बसून उचलला होता आणि नळाच्या आवाजाखाली शेवटपर्यंत म्हटला होता. आरशावर साबणाचे वाळलेले शिंतोडे अजून आहेत. वहिनींनी पुसले नाहीत.

‘‘आत ये,’’ मी प्रीतमला म्हटलं. ‘‘आणि पुढचं म्हण.’’