पाण्याआधीचा आकडा

पेंटर हट्टी माणूस. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याही शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून. खाली बसून रंगवतो तो कसला पेंटर, अशी त्याची समजूत. गेल्या वर्षी नेमकी एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना त्याला भोवळ आली. नशीब बलवत्तर म्हणून पत्र्याची कड हाताला लागली. ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि शिडीला साफ मनाई केली.

"कोमट पाण्यात पाय सोडून बसत जा, बरं वाटेल. पण गोळीसोबत हं, गोळीऐवजी नाही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी स्वस्थ बसून प्रेशर मोजा, वहीत लिहा. आटोक्यात आलं की शिडीचं बघू."

पहिल्या सकाळी आकडा आला एकशे चौसष्ट. पेंटरचं तोंड उतरलं. वीस मिनिटं पाण्यात पाय सोडून त्याने पुन्हा मोजलं, तर एकशे अडतीस.

"हाच लिही," तो बायकोला म्हणाला. तेव्हापासून पाण्याआधी मोजणं बंद.

वही बायको लिहायची. पाणीही तीच तापवायची, कोपर बुडवून बघायची. आकडे खोटे नव्हते, तरी लिहिताना तिला ते खरे वाटायचे नाहीत. दुपारपर्यंत हा माणूस डोकं धरून बसतो, हे वहीत कुठे होतं? पण बोलायची सोय नव्हती. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी वही चाळली.

"आत्ता जरा वाढलेलं दिसतंय, पण दवाखान्यात आलं की पुष्कळांचं वाढतं. घरचे आकडे झकास आहेत. गोळी अर्धी करू. आणि चढा शिडीवर!"

पेंटरची मान ताठ झाली. बायकोने मात्र वहीवर हात ठेवला.

"ते आकडे पाण्यानंतरचे आहेत," ती एका दमात म्हणाली. "पाण्याआधीचा एकही नाही. मीच लिहिलेत."

पेंटरने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच खालून शिडी ओढली होती.

गोळी पूर्ण राहिली, मनाईही राहिली. घरात अबोला सुरू झाला. ती रोज पाणी ठेवायची; तो पाय सोडायचा नाही. आठ दिवस ते तसंच गार झालं. आपण चुकलो का, हे ती स्वतःलाच विचारत राहिली.

नवव्या दिवशी सकाळी तो खुर्चीत बसला, बाही वर सारली आणि हात पुढे केला. बादलीतून अजून वाफ येत होती. तिने त्याच्या दंडाला यंत्राचा पट्टा गुंडाळला.

"किती?"

"एकशे अडुसष्ट."

तो भिंतीला टेकलेल्या शिडीकडे बघत राहिला. तिच्या प्रत्येक पायरीवर रंगाचे वाळलेले थेंब होते.

"लिही," तो म्हणाला. मग पाय पाण्यात सोडत हळूच म्हणाला, "आणि ती शिडी कुणाला तरी देऊन टाक."

बायकोने वही उघडली, पण तिला पानच दिसेना.